मापाबाहेरचे दूध

देऊळगाव राजाच्या बाजारात शेळी घेणारा माणूस आधी तिचे दात पाहतो, मग कमरेवर पंजा दाबून अंग अजमावतो आणि मग विचारतो, "कितवं वेत? जुळी देते का?" दुधाचा विषय निघालाच तर शेवटी निघतो, आणि तोही करडांना पुरेल की नाही एवढ्यापुरता. त्याच बाजारात म्हैस उभी असेल, तर पहिला प्रश्न लिटरचा असतो. सकाळची धार किती, संध्याकाळची किती, फॅट किती लागते, हे म्हशीचा मालक न विचारता सांगतो. शेळीच्या मालकाला तेच विचारले तर तो हाताने एक अंदाज दाखवतो : इतकं, एवढ्या तांब्याचं.

गेल्या काही वर्षांत आमच्या तालुक्यातली तरुण मुले-मुली शेळीच्या दुधाचा धंदा सुरू करण्याचे बोलू लागली आहेत. डेंग्यूच्या साथीत शहरातून या दुधाची विचारणा होते, तिथे त्याला चढा भाव मिळतो, हे त्यांनी ऐकलेले असते. गुराढोरांविषयीचे जुने कागद, नियम आणि अहवाल मी बरीच वर्षे वाचत असल्यामुळे त्यांतले काही जण माझ्याकडेही येतात. मी पशुवैद्य नाही, व्यापारी नाही. शाळेत इतिहासही फारसा शिकलो नाही. पण 'सुरुवात कुठून करू?' या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, असे मला वाटते. शेळी या मुलखात शतकानुशतके दूध देत आली. तिचे डोके मोजले गेले, करडे मोजली गेली, मांस मोजले गेले. दूध तेवढे कधी मापात आले नाही. असे का झाले, हे समजल्याशिवाय तो धंदा उभा राहणे कठीण आहे.

औषधाचे दूध

आपल्या वैद्यकग्रंथांनी शेळीच्या दुधाला मान दिला आहे. चरकसंहितेत ते तुरट-मधुर, थंड, मळ बांधणारे आणि पचायला हलके म्हणून येते. रक्तपित्त, अतिसार, क्षय, खोकला यांवर सांगितले जाते. सुश्रुताने त्याचे कारणही दिले आहे : शेळी अंगाने लहान, कडू-तिखट पाला खाणारी, पाणी कमी पिणारी आणि सारखी हिंडणारी, म्हणून तिचे दूध रोग हरण करणारे. कारण आजच्या शास्त्राला पटो न पटो, निरीक्षण अचूक आहे. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, लिंबाची डहाळी अशी चव घेत शेळी दिवसभर चालते, हे सुश्रुतानेही पाहिले होते आणि आमच्या गावची आजीही पाहते.

पण या मानातच एक अडचण दडलेली आहे. औषध माणूस रोज घेत नाही, आणि शेजाऱ्याने औषधासाठी मागितलेल्या वाटीभर दुधाचे पैसे घेणे खेड्यात बरे दिसत नाही. तान्ह्या बाळाची आई गेली, कुणाला जुलाब लागले, कुणी क्षयाने खंगले, की शेळीवाल्या घरी वाटी जायची आणि भरून यायची. हा व्यवहार उपकाराचा होता, विक्रीचा नव्हता. एरवी ते दूध चहात जायचे नाहीतर घरच्या पोरांच्या पोटात. मराठी म्हणीही दुधाविषयी गप्पच आहेत. 'शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड' ही म्हण मांसाची. संस्कृतात तर 'अजागलस्तनन्याय' म्हणून निरुपयोगी वस्तूला शेळीच्या गळ्यातल्या लोंबत्या गलोलीची उपमा दिली जाते. दूध न देणारा गळ्यातला स्तन भाषेने लक्षात ठेवला. दूध देणाऱ्या कासेविषयी मात्र ती फारसे बोलली नाही.

शेळ्या वाट्याने देण्याची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो शेळी घेऊन देतो, ज्याच्याकडे वेळ आहे तो ती सांभाळतो, आणि होणारी करडे निम्मी-निम्मी वाटली जातात. या तोंडी कराराविषयी मी अनेक वयस्क बायांना विचारले आहे. करडू मेले तर काय, शेळी लांडग्याने नेली तर काय, हे सगळे ठरलेले असते. दुधाचे काय, असे विचारले की त्या हसतात. ते सांभाळणारीचे, त्यात बोलायचे काय! करारात ज्याचा उल्लेख नाही असे दूध भूमिहीन घरातल्या बाईकडे राहिले, आणि न मोजल्यामुळेच राहिले. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

एक आणा

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. देऊळगाव राजा तेव्हा निजामाच्या हद्दीला टेकून असलेले, चिखली तालुक्यातले गाव. १८६० च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली, त्याच सुमाराला अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला आणि चराऊ रानाचे तुकडे पऱ्हाटीखाली जाऊ लागले. उरलेल्या रानाची सरकारने वर्गवारी केली : इमारती लाकडाचे, गवताचे आणि गावच्या गुरांना मोकळे. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरच्या आपल्या ग्रंथात ही चराईची कोंडी तपशिलाने मांडली आहे.

या नव्या व्यवस्थेत शेळी कागदावर आली ती गुन्हेगार म्हणून. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्यांना कायद्याचे रूप दिले. त्यात दंडाची उतरंड होती : हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हशीला आठ आणे, घोडा, बैल, गाय यांना चार आणे, वासरू, गाढव, डुकराला दोन आणे आणि शेळी, मेंढी, करडाला एक आणा. मला हा तक्ता फार बोलका वाटतो. सरकारच्या लेखी शेळीचे पहिले माप हे एक आणा होते, आणि तेही तिने काय दिले याचे नव्हे, काय खाल्ले याचे.

पुढे जंगल राखणाऱ्यांच्या मनात शेळीविषयी जो आकस बसला, तो स्वातंत्र्यानंतरही उतरला नाही. शेळी झाडाचा शेंडा खाते हे खरेच आहे, आणि राळेगणसिद्धी, हिवरे बाजार यांसारख्या गावांनी चराईबंदी पाळून माळ हिरवे केले हेही खरे आहे. पण १९८७ मध्ये सी. एच. हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखालच्या कृती दलाने हा प्रश्न तपासला, तेव्हा उजाड रानाचा सगळा दोष शेळीच्या माथी मारता येत नाही, असेच त्यातून पुढे आले. जमिनीचा कस आधीच गेलेला असतो. तिथे गाय जगत नाही, शेळी जगते, आणि शेवटी तीच तिथे दिसते म्हणून तीच दोषी ठरते.

वर्ध्याची शेळी

देशातला शेळीच्या दुधाचा सर्वांत प्रसिद्ध ग्राहक आमच्या विदर्भातच राहिला. गायी-म्हशींवर होणाऱ्या फुंक्यासारख्या क्रूर प्रकारांविषयी कळल्यावर गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडले. १९१९ च्या जानेवारीत मुंबईत ते दुखण्याने अगदी खंगले असता डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैसच होती, शेळी नव्हती, असा मुद्दा कस्तुरबांनी काढला आणि गांधीजी नमले. व्रताचा शब्द पाळला, आत्मा पाळला नाही, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदवली आहे. शेळीचे दूध मात्र अखेरपर्यंत त्यांच्या आहारात राहिले.

१९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. शेळीच्या दुधासाठी याहून मोठी जाहिरात कोणती असणार? पण झाले काय ते पाहा. जमनालाल बजाजांनी १९४१ मध्ये वर्ध्याला गोसेवा संघ काढला, गायीच्या दुधाचा आग्रह धरला. वर्ध्यात गोरस भांडार उभे राहिले आणि आजही लोकांच्या तोंडी आहे. शेळीच्या दुधाची तशी संस्था निघाली नाही. महात्म्याचे ते पथ्य राहिले, गावाचा धंदा झाले नाही. गायीमागे धर्मभावना होती, दाते होते, गोशाळा होत्या. शेळीमागे तिला सांभाळणारी बाई होती, आणि तिला कुणी सभेला बोलावले नव्हते.

नोंदवहीने घडवलेली शेळी

कुणी म्हणेल, आपली शेळी मुळात दुधाची नाहीच. हे अर्धेच खरे आहे. उस्मानाबादी शेळी दिवसाला अर्धा ते दीड लिटर देते, तिचे नाव जुळ्यांसाठी आणि मांसासाठी. विदर्भातली बेरारी ही शेळी तर स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आता कुठे नोंदली गेली. तोपर्यंत ती नुसतीच 'गावरान' होती. पण दुधाची शेळी ही आयती सापडत नाही, ती घडवावी लागते, आणि त्या घडणीत एका भारतीय शेळीचाही हात आहे.

शीतपेट्या नव्हत्या त्या काळी हिंदुस्थान-इंग्लंड मार्गावरची जहाजे ताज्या दुधासाठी शेळ्या बरोबर नेत. त्यांतल्या कित्येक तिकडच्या बंदरात विकल्या गेल्या. यमुना-चंबळच्या खोऱ्यातली, इटाव्याकडची लांब कानांची जमुनापारी अशीच तिकडे पोहोचली. इंग्लंडात १८७९ मध्ये शेळीपालकांची संस्था निघाली होती. तिथल्या स्थानिक शेळ्यांशी जमुनापारी आणि इजिप्तकडच्या बोकडांचा संकर होऊन अँग्लो-न्यूबियन ही जात तयार झाली, आणि दाट दुधासाठी जगभर गेली. स्वित्झर्लंडच्या सानेन दरीतली पांढरी शेळीही अशीच पिढ्यान्पिढ्या निवडीतून तीन-चार लिटरांवर गेली. त्यांच्याकडे वेगळे काय होते? दूध वजन करून वहीत लिहिले जात होते. कुणाची आई किती देत होती हे पाहून बोकड ठेवला जात होता.

आमच्याकडे बोकड निवडला जातो तो अंगाने. मोठा, रुबाबदार, ईदला किंवा जत्रेला चांगला भाव येईल असा. आणि त्यातलाही सर्वांत चांगला आधी विकला जातो, मागे उरतो तो कळपाला लागतो. दुधाच्या दृष्टीने ही उलटी निवड किती पिढ्या चालली असेल, याचा हिशेब कुणी करू शकणार नाही.

दहा अधिक एक

१९७० पासून देशात दूध महापूर योजना सुरू झाली. गावोगाव संकलन केंद्रे आली, फॅट मोजण्याची यंत्रे आली, थंड टाक्या आल्या. ही सगळी रचना गायी-म्हशींच्या दुधाची. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांच्या तक्त्यात शेळी-मेंढीच्या दुधासाठी वेगळी ओळ होती. महाराष्ट्रासाठी स्निग्धांश साडेतीन टक्के आणि इतर घनपदार्थ नऊ टक्के. म्हणजे कायद्याच्या तक्त्यात या दुधाला जागा होती, केंद्रावर मात्र त्याचा वेगळा कॅन नव्हता. ज्याच्याकडे दीड-दोन लिटर जमत, तो ते गायीच्या दुधात मिसळून घालत असे, आणि केंद्रावरच्या वहीत ते गायीचे दूध म्हणून जाई. देशाच्या एकूण दुधात शेळीचा वाटा सुमारे तीन टक्के धरला जातो. जे वाटीतून गेले आणि जे असे मिसळले गेले, ते या आकड्यात नेमके कसे धरणार?

सरकारने शेळीकडे पाहिले ते दारिद्र्यनिर्मूलनाचे साधन म्हणून. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सर्व तालुक्यांत लागू झाला, आणि 'दहा शेळ्या एक बोकड' हा गट सरकारी भाषेत रुळला. आता शेळी व मेंढी विकास महामंडळ अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते; अमरावतीजवळ पोहऱ्याला, छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगावला त्याची प्रक्षेत्रे आहेत. २०२१ पासून सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्या पाच बोकड ते पाचशे शेळ्या पंचवीस बोकड अशा गटांना निम्मे अनुदान आहे. गट वाढत गेला, पण माप तेच राहिले : डोकी. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात एक कोटी सहा लाखांच्या आसपास. या एक कोटीतली कुठली शेळी किती दूध देते, हे त्यांच्या मालकांनाही तांब्याच्या अंदाजानेच ठाऊक आहे.

तिघांचा हक्क

आता धंद्याकडे येऊ. उस्मानाबादीचे करडू जन्मते तेव्हा दोन-अडीच किलोचे असते. पहिल्या आठवड्यांत त्याला रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके तरी दूध लागते, म्हणजे जुळ्यांना मिळून सुमारे अर्धा लिटर. शेळी लिटरभर देणारी असेल तर उरले अर्धा लिटर. करडे वाढतात तशी त्यांची भूकही वाढते. उस्मानाबादी दोन वर्षांत तीनदा विते, प्रत्येक वेताला साधारण चार महिने दुधात राहते. म्हणजे निम्मा काळ दूध, निम्मा काळ आटलेली. दहा शेळ्यांच्या कळपात एका वेळी पाच दुधात धरल्या, तर विकायला उरते जेमतेम अडीच लिटर. तेही सगळ्या एकाच हंगामात व्यायल्या नाहीत तर. शहरातल्या गिऱ्हाइकाला दूध रोज हवे असते. शेळी ते ऋतूने देते.

म्हणून जो दोन शेळ्यांतून चार लिटर विकण्याचे स्वप्न पाहतो, तो ते करडाच्या तोंडातून काढणार आहे. भुकेले करडू वाढत नाही, पावसाळ्यातल्या पहिल्या रोगाला बळी पडते, आणि मग ज्या करडाच्या विक्रीवर घर चालते तेच जाते. दुसरा हक्कदार घरातले मूल. आमच्याकडच्या भूमिहीन घरांत कित्येक मुलांना मिळणारे एकमेव दूध शेळीचे असते. तिसरी ती बाई, जिच्याकडे हे दूध आजवर न मोजता राहिले. दूध मापात आले, त्याला दर आला, खात्यात पैसे येऊ लागले, की खाते कुणाच्या नावावर असेल? गायी-म्हशींच्या डेअरीचा अनुभव सांगतो की धार बाई काढते आणि केंद्रावर सही पुरुषाची असते.

याला उपाय नाहीत असे नाही. सिन्नर तालुक्यात शेळीपालक महिलांनी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने स्वतःची उत्पादक कंपनी केली आहे. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे शिक्षण दिले, आणि चांगला बोकड प्रत्येक दारात बांधण्याची गरज राहिली नाही. या दोन्ही ठिकाणी शेळीबरोबर तिची मालकीणही कागदावर आली.

उकळी

या दुधाला चढा भाव मिळतो तो त्याच्या औषधी कीर्तीमुळे, म्हणून एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर शेळ्या दारोदार फिरवून गिऱ्हाइकापुढे धार काढत. याहून ताजे, याहून शुद्ध दूध कुठले, असेच लोकांना वाटे. तिथल्या इंग्रज सैनिकांना वर्षानुवर्षे एक रेंगाळणारा ताप येत होता. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टॉक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टराला तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. सैन्याच्या जेवणातून कच्चे शेळीचे दूध बंद झाले आणि ताप ओसरला. हाच ब्रुसेला आपल्याकडच्या जनावरांतही आहे. म्हणून 'धारोष्ण' शब्दाला भुलू नये. उकळी आलीच पाहिजे. आणि डेंग्यूच्या रोग्याचे प्लेटलेट या दुधाने वाढतात, असे सांगून ते विकू नये, कारण तसा पुरावा नाही. या दुधात फोलेट कमी असते, त्यामुळे तान्ह्या बाळाला केवळ त्याच्यावर वाढवणे धोक्याचे आहे. वाटीने दिलेल्या दुधाची जबाबदारी देणाऱ्यावर नव्हती. पैसे घेतले की ती येते.

वासाचेही तसेच. शेळीच्या दुधाला उग्र वास येतो म्हणून ते नको, ही तक्रार खरी, पण टाळता येण्यासारखी आहे. त्यातल्या काही आम्लांना युरोपीय भाषांत शेळीच्याच लॅटिन नावावरून नावे पडली आहेत. बोकड धारेच्या जागेपासून दूर बांधला, कास धुतली आणि दूध लगेच थंड केले, की तो वास बराच कमी होतो.

तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता शेळ्या घ्यायला सांगत नाही. असतील त्याच शेळ्यांचे एक वेत मोजायला सांगतो. एक लिटरचे माप, एक दोनशे पानी वही. कोणती शेळी, व्याल्याची तारीख, करडांना सोडलेले, घरात ठेवलेले, उरलेले. हे पाच रकाने चार महिने भरले, की धंदा होणार की नाही हे वही स्वतःच सांगते, आणि पुढच्या वेळी कोणत्या शेळीचा बोकड ठेवायचा हेही. या मुलखात दीडशे वर्षांपूर्वी शेळी कागदावर आली तेव्हा तिच्या नावापुढे एक आणा दंड लिहिला होता. आता लिहायचे ते तिने दिलेले दूध. पहिल्या पानावर नाव मात्र धार काढणारीचे असावे.